या घराचा धनी कोण?

आमच्या गावाकडच्या घराला दोन पाट्या होत्या. एक दाराबाहेर, लाकडाची. तिच्यावर आजोबांचे नाव आणि पुढे 'मास्तर'. दुसरी आत, बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत. काळ्या मखमलीवर रुपेरी अक्षरे. या घराचा मस्तक ख्रिस्त आहे, असा तिचा आशय. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत अशी पाटी हमखास दिसते. लहानपणी मला कोडे पडे : बाहेर आजोबांचे नाव, आत ख्रिस्ताचे, मग घर नेमके कोणाचे?

हे कोडे पोरकट नव्हते, हे एका संध्याकाळी कळले. धाकट्या आत्याला नर्सिंग शिकायला मिरजेला जायचे होते. आजोबांचा ठाम नकार होता. त्यांनी पवित्र शास्त्र उघडले आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला एक भाग दाखवला. पुरुषाचा मस्तक ख्रिस्त आणि स्त्रीचा मस्तक पुरुष, असे तिथे म्हटले आहे. आत्या रडू लागली. आजी चुलीपुढून उठली, पदराला हात पुसत बैठकीत आली आणि म्हणाली, "अहो, भिंतीवरची ती पाटी कुणी लावली? तुम्हीच ना? मग आधी त्याला विचारा, अन् मग पोरीला सांगा." आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. जूनमध्ये आत्या मिरजेला गेली.

ख्रिस्त सर्वांच्या वर आहे, ही श्रद्धा दोघांचीही होती. आजोबांनी ती आपल्या शब्दाला वजन आणण्यासाठी वापरली. आजीने त्याच श्रद्धेने त्यांच्या शब्दाला मर्यादा घातली. पुढे ख्रिस्ती धर्माचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही संध्याकाळ मला पुन्हापुन्हा भेटत गेली. ख्रिस्ताचे श्रेष्ठत्व या एका दाव्याचे दोन्ही उपयोग जवळजवळ दोन हजार वर्षे चालत आले आहेत. त्यातले काही प्रसंग इथे वाचकांपुढे ठेवतो.

एक शब्द, अनेक धनी

नव्या करारात येशूसाठी वारंवार येणारा ग्रीक शब्द 'किरिओस'. आपण त्याचे भाषांतर 'प्रभू' असे करतो. पण त्या काळच्या बाजारात आणि घरात तो शब्द आपल्या 'धनी' किंवा 'मालक' या शब्दासारखा होता. गुलामाचा मालक किरिओस, घराचा कर्ता पुरुष किरिओस. आपल्याकडे बाई नवऱ्याला 'आमचे धनी' म्हणते, तसे सारेने अब्राहामाला किरिओस म्हटल्याचा उल्लेख पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. रोमचा सम्राटही किरिओस. आणि यहुदी लोकांनी आपले इब्री धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले, तेव्हा देवाचे जे नाव उच्चारायचे नाही, त्याच्या जागी वाचक हाच शब्द म्हणत.

घरातल्या धन्यापासून देवापर्यंत सगळ्यांना लागू होणारा हा शब्द काही लोक रोमन सत्तेने क्रूसावर मारलेल्या एका गालीली सुताराला लावू लागले. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. त्यामुळे हे नाव घेण्यातच बाकीच्या धन्यांविषयी एक प्रश्न दडलेला होता.

पौलाने फिलिप्पैकरांस पत्र तुरुंगातून लिहिले. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ.स. ५५ ते ६२ च्या दरम्यान मानतात. फिलिप्पै ही मॅसेडोनियातली रोमन वसाहत; निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी दिलेल्या. या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक लयबद्ध उतारा आहे. तो पौलाच्याही आधीपासून मंडळीत गायले जाणारे स्तोत्र असावे, असे अनेक विद्वानांना वाटते. त्याचा आशय असा : जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने ते पद धरून ठेवले नाही, तो रिकामा झाला, दास झाला, क्रूसावरचे मरण पत्करले, म्हणून देवाने त्याला सर्वांच्या वर नेले आणि प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल असे केले. शेवटची कल्पना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातली आहे, आणि तिथे गुडघे टेकतात ते खुद्द देवापुढे.

या उताऱ्यातला 'म्हणून' हा शब्द महत्त्वाचा आहे. ख्रिस्त वर गेला तो खाली उतरला म्हणून. पौलानेही हा उतारा सिद्धान्त पटवण्यासाठी दिलेला नाही. मंडळीतल्या लोकांनी एकमेकांशी नम्रतेने वागावे, हे सांगताना तो आला आहे. श्रेष्ठत्वाच्या या कल्पनेतून 'म्हणून' गळाला, की उरते ती नुसती सत्ता.

पौलाच्याच नावाने असलेल्या कलस्सैकरांस पत्रात हा ताण आणखी स्पष्ट दिसतो. पहिल्या अध्यायात सिंहासने, सत्ता, अधिकार सारे ख्रिस्ताद्वारेच निर्माण झाले, असे भव्य वर्णन आहे. तिसऱ्या अध्यायात पत्नींनी पतीच्या आणि गुलामांनी मालकाच्या आज्ञेत राहावे, असा उपदेश आहे. लगेच पुढे मालकांना बजावले आहे की, तुमच्याही डोक्यावर स्वर्गात एक मालक आहे. म्हणजे आजोबांचे वचन आणि आजीचे उत्तर एकाच पत्रात शेजारीशेजारी बसलेले आहेत.

पहाटेचे गाणे

सामान्य ख्रिस्ती माणसे ही श्रद्धा रोज कशी जगत, याची एक जुनी साक्ष त्यांच्या न्यायाधीशाने लिहून ठेवली आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बिथिनिया-पोंतस प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला पत्र पाठवून विचारले, या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय?

चौकशीत त्याला कळले ते असे : हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, देवासाठी गावे तसे ख्रिस्तासाठी आळीपाळीने गातात आणि शपथ घेतात. ती शपथ कटाची नव्हती. चोरी, लुटमार, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, ठेव बुडवणार नाही, अशी होती. नंतर पुन्हा जमून साधे जेवण. खात्री करून घेण्यासाठी प्लिनीने मंडळीत सेवेचे पद असलेल्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. त्याला त्यात अवास्तव अंधश्रद्धेपलीकडे काही आढळले नाही. तरी त्याची कसोटी ठरलेली होती : देवांची प्रार्थना करा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करा, ख्रिस्ताला शाप द्या आणि सुटा. अडून बसणाऱ्यांना त्याने मृत्युदंड दिला.

त्या दोघींची नावे प्लिनीने लिहिलेली नाहीत. कायद्याने त्या दुसऱ्याच्या मालकीच्या. पण पहाटेच्या त्या गाण्यात त्यांचा धनी वेगळा होता आणि मंडळीत त्यांना पद होते. ख्रिस्ताच्या श्रेष्ठत्वाचा अर्थ अशा माणसांसाठी काय असेल, हे समजायला मला कोणत्याही धर्मशास्त्रापेक्षा हे पत्र अधिक उपयोगी पडले.

जांभळे वस्त्र

दोनशे वर्षांनी चित्र पालटले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला आणि इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. वाद खरा होता. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे. परिषदेने ठरवले की पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत. या निर्णयाने ख्रिस्त पूर्णार्थाने देव ठरला. ज्या जगातल्या माणसांनी ख्रिस्ताला आधीपासून गाण्यात देव म्हटले होते, त्यांच्या भक्तीला शब्द मिळाला.

पण तो शब्द राखण्याचे काम राजदंडाकडे गेले. न पटणारे बिशप हद्दपार होऊ लागले, आणि सम्राटाचे मत बदलले की हद्दपारीची दिशाही बदले. नायसियाचा कैवारी अथानासियस स्वतः पाच वेळा हद्दपार झाला. इटलीत रावेन्नाच्या सान व्हितालेच्या चर्चमध्ये सहाव्या शतकातली प्रसिद्ध मोझेक चित्रे आहेत. वर गोलावर बसलेल्या ख्रिस्ताला राजाचे जांभळे वस्त्र आहे. बाजूच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन उभा आहे, त्यालाही जांभळेच. पाहणाऱ्याला प्रश्न पडावा : सम्राट ख्रिस्ताच्या अधीन आहे, की ख्रिस्त सम्राटाच्या पंक्तीला आणून बसवला आहे?

साष्टीतला पुराणकार

हाच दावा सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागला. १५१० मध्ये त्यांनी गोवे जिंकले. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, ते मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत राहिले. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली. त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. इथे ख्रिस्ताचे श्रेष्ठत्व आले ते सैनिकाच्या हातून, आणि रिकामे होण्याची गोष्ट त्यात कुठेच नव्हती. ख्रिस्ती म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट काम करत होता. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, तिला कोकणीची फोडणी. ग्रंथातच त्याचे कारण येते : तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असा नवख्रिस्ती श्रोत्याचा सवाल आहे.

त्या सवालात झालेली हानी नोंदली गेली आहे. स्टीफन्स त्या सत्तेचाच माणूस होता, हे विसरू नये. पण सवालाचे उत्तर देण्यासाठी त्याला श्रोत्यांच्या भाषेत, त्यांच्या ओवीत, वैकुंठासारख्या त्यांच्याच शब्दांत उतरावे लागले. तिथे ख्रिस्ताचे मोठेपण हुकमाने सांगता येत नव्हते. ते ऐकणाऱ्याला गोड लागावे लागत होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी पुराण हस्तलिखितांतून वाचले जात राहिले.

बिशप वर, की ख्रिस्त?

आणखी दोनशे वर्षांनी हीच श्रद्धा दोन मराठी माणसांनी मिशनऱ्यांपुढेच ठेवली. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आता ही विदुषी चर्चच्या शिस्तीत राहील, अशी तिथल्या भगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंनी तरुण मुलग्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट लिहिले की, पुरोहितांचे एक जोखड त्यांनी मोठ्या कष्टाने उतरवले होते, आता तसेच दुसरे मानेवर घेणार नव्हत्या. सदसद्विवेकावर हक्क देवाचा. पुढे केडगावला राहून त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जे वचन दाखवून बाईला गप्प करता येते, ते तिने स्वतः वाचावे, हा त्यामागचा एक हेतू मला दिसतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट निराळी, पण मुक्काम तोच. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. भजन-कीर्तनांतून त्याला मराठी संतांच्या अंगणात आणले. १९१७ मध्ये ते मिशनच्या पगारी कामातून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार वाढला नाही. पण त्यामागचा विचार पहिल्या शतकातलाच होता : ख्रिस्त सर्वांच्या वर असेल, तर तो मिशनच्याही वर आहे. टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडलेला पाहिलेल्या आणि नंतर आपल्या निर्णयाने, आपल्या वेळी ख्रिस्ती झालेल्या बाईने.

पाटीखाली

या सगळ्या प्रसंगांतून मला एक खूण सापडली. ख्रिस्त सर्वांवर आहे, असे म्हणणारा माणूस त्या 'सर्वां'त स्वतःला धरतो की नाही, एवढे पाहावे. बिथिनियातल्या त्या दोघींनी धरले. असोळण्याच्या किल्ल्यात कोणी धरले नाही. मराठी ख्रिस्ती माणूस भेटला की 'जय ख्रिस्त' म्हणतो, जेवणाआधी डोळे मिटतो, प्रवासाला निघताना उंबऱ्यात प्रार्थना करतो. या रोजच्या गोष्टींतही निवड तीच असते. तो जय ख्रिस्ताचा, की ख्रिस्ताच्या नावाने आपला?

गावचे घर आता राहिले नाही. आतली पाटी आत्याने मागून घेतली. चाळीसहून अधिक वर्षे नोकरी करून ती निवृत्त झाली आहे. घरात तिचा शब्द आजोबांइतकाच चालतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर पाटी तिच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या बरोबर वर. इथे का, म्हणून विचारले. आत्याची सून चहा गाळत होती. ती हसून म्हणाली, "मीच लावली. आई रागावल्या की मी काही बोलत नाही, नुसती वर बघते."

आत्याही हसली. पण तिने पाटी तिथून काढलेली नाही.