शेळीचा माज आणि माणसाचे पंचांग

माणसाने शेळी पाळली, त्याला सुमारे दहा हजार वर्षे लोटली. परंतु तिच्या माजाच्या काळावर त्याची सत्ता चालू लागली ती अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. समशीतोष्ण प्रदेशांतील शेळी दिवस लहान होऊ लागले म्हणजे माजावर येते. शरदात ती गाभण राहते आणि सुमारे १५० दिवसांनी, हिवाळा सरता सरता, विते. मग करडांच्या वाट्याला वसंतातले कोवळे गवत येते. निसर्गाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होय. पण फ्रान्समध्ये ज्यांचा प्रपंच शेळीच्या दुधाच्या चीजवर चालतो, त्यांना तीच व्यवस्था जाचक ठरली. सगळा कळप एका वेळी वितो आणि एका वेळी आटतो. वसंतात दुधाचा पूर येतो, तर हिवाळ्यात चरव्या रिकाम्या राहतात. गिऱ्हाईक मात्र बाराही महिने दाराशी उभे असते. उष्ण प्रदेशांत दिवसमान फारसे बदलत नाही, म्हणून उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्याला ही अडचण एवढी भासत नाही. यामुळेच या प्रश्नाचा पाठपुरावा मुख्यतः थंड देशांत झाला.

शेळीच्या माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते. अंडाशयातून बीज सुटले की त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो आहे तोवर पुढचा माज थोपवला जातो. या पिंडाचे रहस्य १९२९ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कॉर्नर आणि ॲलन यांनी उलगडले. अंडाशय काढून टाकलेल्या सशांच्या माद्यांचा गर्भही त्यांनी पीतपिंडाच्या अर्काच्या बळावर टिकवून दाखविला. १९३४ मध्ये या अर्कातील शुद्ध द्रव्य अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी वेगळे केले. तेच प्रोजेस्टेरॉन. आरंभी ते सोन्याहून दुर्मिळ होते. पुढे १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानकंदांपासून ते तयार करण्याची रीत शोधली आणि ते गोठ्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

१९४८ मध्ये डट आणि कॅसिडा यांनी मेंढ्यांना प्रोजेस्टेरॉन टोचून त्यांचे चक्र रोखून धरता येते, असे दाखविले. टोचणे थांबविले की थोपवलेला माज साऱ्या मेंढ्यांत जवळपास एकाच वेळी उसळून येई. कल्पना बिनतोड होती, पण कळपातील प्रत्येक जनावराला दिवसांमागून दिवस सुई टोचीत बसणे कोणा मेंढपाळाला परवडणार? हा पेच सिडनी विद्यापीठाच्या टी. जे. रॉबिन्सन यांनी सोडविला. १९६५ च्या सुमारास त्यांनी प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध भिनविलेला स्पंजाचा लहानसा बोळा योनिमार्गात ठेवण्याची पद्धत रूढ केली. औषध आपोआप झिरपत राही. मुदत संपली की दोरा ओढून बोळा काढावयाचा, एवढेच काम उरले.

एवढ्याने ऋतूबाहेरचा माज मात्र हमखास येत नसे. निद्रिस्त अंडाशयाला जागे करणारे द्रव्य १९३० सालीच कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात सापडले होते. पुढे १९७२ मध्ये प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य पीतपिंड विरघळवते, हे मेंढीत सिद्ध झाले. या तिन्ही शोधांचा मेळ फ्रान्समधील कृषिसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शेळीसाठी घातला. ११ दिवस बोळा ठेवायचा, तो काढण्यापूर्वी ४८ तास घोडीचे द्रव्य आणि प्रोस्टाग्लँडिन टोचायचे आणि बोळा काढल्यावर सुमारे ४३ ते ४५ तासांनी गोठविलेल्या वीर्याने रेतन करायचे, असा तो क्रम होता. माजावर नजर ठेवण्याची गरज संपली. निवडक बोकडाचे गुण दूरच्या कळपांत पोहोचू लागले आणि हिवाळ्यातही चरव्या भरू लागल्या.

परंतु हे यश फुकटचे नव्हते. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांना असे आढळले की, ज्या शेळ्यांना वर्षामागून वर्ष हा उपचार दिला जातो त्यांतील काहींच्या शरीरात घोडीच्या द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण होतात. अशा शेळ्यांचा माज उशिरा येतो, नेमलेली घटका चुकते आणि रेतन वाया जाते. ज्या चांगल्या दुभत्या शेळ्यांवर हा उपचार पुनःपुन्हा करावासा वाटे, त्यांच्यावरच तो निष्फळ होऊ लागला! दुसरी किंमत घोडीने मोजली. हे द्रव्य मिळवावयाचे तर गाभण घोडीचे रक्त वारंवार काढावे लागते. २०१५ मध्ये अर्जेंटिना व उरुग्वे येथील आणि २०२१ मध्ये आइसलंडमधील अशा घोड्यांचे हाल प्राणिमित्र संस्थांनी उघडकीस आणले, तेव्हा चीज खाणाऱ्याच्या ताटाचा संबंध किती दूरच्या गोठ्याशी आहे, हे युरोपला कळले.

आता संशोधकांची दृष्टी वळली ती ज्याला या सगळ्या खटाटोपात बाजूला सारले होते त्या बोकडाकडे. १९४४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या बाबतीत आणि १९६० मध्ये शेल्टन यांनी अंगोरा शेळ्यांच्या बाबतीत असे नोंदविले होते की, काही काळ दूर ठेवलेला नर अचानक कळपात सोडला की माद्या ऋतूआधी माजावर येतात. मात्र त्यासाठी बोकड स्वतः जोमात हवा. वसंतात तोही मंदावलेला असतो. उत्तर मेक्सिकोत डेल्गाडिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोकडांना हिवाळ्यात सुमारे अडीच महिने दिव्यांच्या प्रकाशात लांब दिवस भोगावयास लावले आणि मग नैसर्गिक दिवसमानावर सोडले. असे बोकड वसंतात कळपात शिरताच बहुतेक शेळ्या माजावर आल्या. २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बोकडाच्या उग्र दर्पातील एक द्रव्यही ओळखले, जे शेळीच्या मेंदूतील प्रजननाचे केंद्र चेतविते.

युरोपात सेंद्रिय पद्धतीने शेळ्या पाळणाऱ्यांना प्रजननासाठी संप्रेरके वापरण्यास मनाई आहे. त्यांना बोकडाचा आणि प्रकाशाचाच आधार घ्यावा लागतो. तथापि बोकडाच्या सान्निध्याने येणारा माज सगळ्या शेळ्यांत एकाच तासाला येत नाही आणि गोठविलेल्या वीर्याला तर नेमकी वेळ हवी असते. त्यामुळे स्पंजाचा बोळा गोठ्यातून हद्दपार झालेला नाही. औषधाची अचूक घटका आणि बोकडाची जुनी हाक यांची सांगड कशी घालावी, हाच आता संशोधकांपुढचा प्रश्न आहे.