अनाथ नोंदींचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बीडमधल्या एका संस्थेची काही दुकानं भाड्यानं दिलेली होती. त्यांचा हिशोब एका जुन्या कॉम्प्युटरवर होता आणि तो नव्या मशीनवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात काही वर्षं डेटाबेसचंच काम केलेलं, त्यामुळे हे दोन तासांचं काम आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

दोन तक्ते होते. एक भाडेकरूंचा, दुसरा पावत्यांचा. पावतीवर भाडेकरूचं नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. तो क्रमांक भाडेकरूंच्या तक्त्यात शोधायचा, म्हणजे पावती कोणाची ते कळतं. अशा दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या क्रमांकाला फॉरेन की म्हणतात. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या डेटाबेसची कल्पना ज्या निबंधात मांडली, त्यातच हा शब्द आहे. नियम साधा आहे : ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो तिथे असला पाहिजे. म्हणून तक्ते नव्या जागी भरताना आधी पालक, मग लेकरं. आधी भाडेकरू, नंतर पावत्या.

क्रम मी बरोबर पाळला. चूक दुसरीच झाली. दुकान सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावं वगळून मी उरलेली छत्तीस नावं भरली आणि नव्या मशीननं त्यांना एक ते छत्तीस असे नवे क्रमांक दिले. पावत्यांवर मात्र जुनेच क्रमांक राहिले. पावत्या भरायला गेलो तर मशीन अडलं : एक्केचाळीस क्रमांकाचा भाडेकरू नाही. रात्र झाली होती. मी तपासणी बंद करायची आज्ञा दिली, सगळ्या पावत्या भरल्या, तपासणी पुन्हा चालू केली. मशीन गप्प. मी घरी गेलो.

तीन महिन्यांनी एका चाचांना थकबाकीची नोटीस गेली. चाळीस वर्षं त्याच दुकानात शिलाईकाम करणारे, एक महिना न चुकवलेले. ते माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, मशीन बदली तो मेरा भाडा कहां गया?" जुन्या तक्त्यातले एक्केचाळीस क्रमांकाचे भाडेकरू तेच होते.

ही माझी चूक मला पुढे फार दिवस खात राहिली, कारण आपल्या जिल्ह्याचा इतिहास वाचताना ती ठिकठिकाणी भेटू लागली.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४ साली तिथे फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. महसुलाचं दप्तर उर्दूत, साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतं. जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ च्या सुमाराचा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एवढ्या बारा वर्षांत राज्य, भाषा, लिपी, कालगणना आणि कायदे, सगळं बदललं. जमीन तीच होती आणि तिच्यावर राबणारी माणसंही बहुतेक तीच. त्यांना जोडणारी नोंद तेवढी एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात चालली होती.

या प्रवासात काय सांडू शकतं ते बघा. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि ए, ऐ, ई हे तिन्ही शब्दाच्या मध्ये एकाच अक्षरानं लिहितात. केज गावाचं नाव उर्दूत लिहिलं तर वाचणारा ते केज, कैज किंवा कीज वाचू शकतो. आकड्यांत सात वर उघडा असतो आणि आठ त्याचाच पालथा. मजकूर उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडे. उर्दू न शिकलेल्या कारकुनाच्या हातून एक आकडा उलटला की सर्व्हे नंबर बदलला, आणि सर्व्हे नंबर हीच तर जमिनीची चावी.

याहून मोठा घोटाळा इनामांचा. निजामी राजवटीत मशिदी, दर्गे, मंदिरं, मठ यांच्या सेवेसाठी जमिनी दिलेल्या असत. त्यांची चौकशी होऊन जो निकाल मिळे त्याला मुन्तखब म्हणत. काही इनाम मददमाश, म्हणजे माणसाच्या उदरनिर्वाहासाठी. काही खिदमतमाश, म्हणजे सेवेच्या अटीवर. दिवाबत्ती करा, अजान द्या, पूजा चालवा, तोवर जमीन कसा. दोन्हीकडे कागदावर नाव माणसाचंच. फरक एका रकान्याचा : अट.

१९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यात धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठीच्या इनामांना वेगळं ठेवलेलं होतं. म्हणजे कायद्यानं भेद राखला होता. पण कायदा लागू करणाऱ्यापुढे असतो तो कागद. १९५४-५५ चं खासरा पत्रक, मग जमीन महसूल संहितेनंतरचा सातबारा, अशी नोंद पुढे सरकताना नाव उतरलं आणि अट मागे राहिली, की खिदमतगाराचा नातू कागदावर मालक होतो. तो लबाडच असतो असं नाही. त्याला पूर्वीची अट माहीतही नसते. नोंद मुन्तखबापासून तुटलेली असते, एवढंच. हे मशिदीच्या जमिनीचं जसं झालं तसं देवस्थानाच्या जमिनीचंही झालं.

मग एकत्रीकरण आलं. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर मिळाले. माझ्या छत्तीस भाडेकरूंचंच हे मोठं रूप. जुन्या-नव्या नंबरांचा ताळमेळ दाखवणारं पत्रक हाताशी असेल तर काही बिघडत नाही. ते नसेल तर जुना कागद बोट दाखवतो ते रिकाम्या जागेकडे.

किंवा त्याहून वाईट, भलत्याकडे. हे मला चाचांच्या पावत्यांनी शिकवलं. एक्केचाळीस क्रमांक नव्या तक्त्यात नव्हता म्हणून मशीननं निदान तक्रार तरी केली. पण जुना बारा क्रमांकाचा माणूस नव्या यादीत दहावा झाला होता, आणि त्याच्या पावत्या नव्या बाराव्याच्या नावावर बिनतक्रार जमा झाल्या होत्या. पालक आहे का, एवढंच मशीन विचारतं. खरा पालक हाच का, ते माणसालाच विचारावं लागतं.

तपासणी बंद करण्याबद्दलही सांगतो. मायएसक्यूएल या प्रणालीत ती बंद करून डेटा भरला आणि पुन्हा चालू केली, तर आधी शिरलेल्या ओळी ती मागे वळून बघत नाही. पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या प्रणालीची नेहमीची पद्धत वेगळी : आधी सगळा डेटा भरायचा, शेवटी नियम लावायचा, आणि नियम लावताना प्रत्येक ओळ तपासायची. एक ओळ जरी अनाथ निघाली तरी नियम लागतच नाही. घाईत तपासणी पुढे ढकलली तर चालतं. पण ती शेवटी व्हायलाच हवी.

आपल्याकडे अशी शेवटची तपासणी झालेलीही आहे. सातबारा कॉम्प्युटरवर आला तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा जुळावा म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठी उतारे वाचणार, लोकांनी चूक सांगायची. कॉडच्या नियमाला जे जमत नाही ते यात जमतं, कारण खरा पालक कोण हे चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं. पण चावडीवर वाचला गेला तो सातबारा. त्याच्या मागचा उर्दू कागद तिथे कोण वाचणार?

तो कागद वाचायची वेळ पुन्हा पुन्हा येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. नुसती नोंद सापडून भागत नाही, आजच्या माणसापर्यंत वंशावळ जुळावी लागते. वंशावळ म्हणजे स्वतःकडेच बोट दाखवणारा तक्ता : प्रत्येक बाप कोणाचा तरी मुलगा. तो वरच्या पिढीपासून खाली भरत यावं लागतं. मधली एक कडी गेली की खालचे सगळे तुटले. आणि २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदी केंद्राच्या 'उमीद' पोर्टलवर चढवायचं काम निघालं. म्हणजे पुन्हा एक स्थलांतर, पुन्हा मुदत, पुन्हा घाई.

माझ्या चुकीचं पुढे काय झालं? चाचांनी पत्र्याच्या डब्यातून चाळीस वर्षांच्या पावत्या आणून दिल्या. त्यांच्यावर जुना क्रमांक होता. जुन्या मशीनमधली पूर्ण यादी पुन्हा काढली, गेलेल्या भाडेकरूंसकट, आणि सगळं नव्यानं भरलं. भाडेकरूंच्या तक्त्यात एक रकाना वाढवला : जुना क्रमांक. मग एका शुक्रवारी जुम्यानंतर सगळ्या दुकानदारांना बसवून यादी मोठ्यानं वाचली. अकरा चुका निघाल्या. नोटीस मागे घेतली गेली. चाचांची माफी मात्र मला स्वतः जाऊन मागावी लागली.

म्हणून एक विनंती. घरात, मशिदीच्या कपाटात, वाड्याच्या माळ्यावर उर्दूतला, मोडीतला जो कागद असेल तो नवा उतारा मिळाला म्हणून टाकू नका. त्याचा फोटो काढा, वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि त्यावरचा सर्व्हे नंबर, फसली साल आणि अट नव्या नंबरापुढे लिहून ठेवा. उर्दू वाचणारी आपल्याकडची पिढी म्हातारी होत चालली आहे. हे काम त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या हयातीतच करायला हवं.