नोकरीला बांधलेला विमा

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या नोकरदार मराठी घरांत दर जानेवारीत कंपनीचा डब्ल्यू-2 फॉर्म येतो. पगार किती, कर किती कापला हे पाहून तो करभरणीच्या फाइलीत जातो. 12व्या रकान्यात डीडी या अक्षरांपुढे एक आकडा असतो, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. तो वर्षभराच्या आरोग्यविम्याचा एकूण खर्च, कंपनीचा आणि आपला वाटा धरून. चौघांच्या कुटुंबाला तो वीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. त्यातल्या कंपनीच्या वाट्यावर एक सेंटही प्राप्तिकर नाही. पगारावर कर आणि विम्यावर माफी, हा भेद दुसऱ्या महायुद्धातून आला आहे.

1929 मध्ये डॅलसच्या बेलर रुग्णालयाने शिक्षकांना महिना पन्नास सेंटमध्ये 21 दिवसांच्या उपचारांची हमी दिली. पुढे ब्लू क्रॉस या विमा योजना त्यातूनच वाढल्या. तरी 1940 पर्यंत अमेरिकेत दहांतल्या एकाकडेही विमा नव्हता.

मग युद्ध आले. मंदीत ओस पडलेले कारखाने विमाने आणि जहाजे बनवू लागले. 1944 या एका वर्षात नव्वद हजारांवर विमाने तयार झाली. तरुण सैन्यात गेलेले, बेकारी जवळपास संपलेली, आणि कामगारांसाठी कंपन्यांची ओढाताण. महागाई भडकू नये म्हणून ऑक्टोबर 1942 मध्ये सरकारने पगार गोठवले. पण वॉर लेबर बोर्डाने विमा आणि पेन्शन मर्यादेत वाढवायला वाट ठेवली. पगार वाढवता येत नव्हता, तेव्हा मालकांनी विमा देऊ केला. 1943 मध्ये कर खात्याने सांगितले की कंपनीने भरलेला गटविम्याचा हप्ता कामगाराचे उत्पन्न धरला जाणार नाही. 1954 च्या करकायद्याने ही सूट पक्की केली.

युद्ध संपल्यावर ही तात्पुरती सोय मोडता आली असती. नोव्हेंबर 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविमा मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. मग कामगार संघटनांनी जे हाती येईल ते करारात घेतले. 1950 मध्ये जनरल मोटर्सने विम्याचा निम्मा खर्च उचलायचे मान्य केले. तोवर देशातल्या निम्म्या लोकांकडे विमा होता. भरभराटीच्या त्या वर्षांत सगळ्यांना हे पुरेसे वाटले, आणि मला वाटते, खरी संधी तिथेच हुकली.

त्याच काळात भारतात वेगळा विचार चालला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून 1948 चा कायदा आणि 1952 मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना आली. मालक-कामगार दोघांची वर्गणी, पण निधी सरकारी महामंडळाकडे. तिच्या दवाखान्यांतल्या रांगा आणि औषधांचा तुटवडा यांबद्दल तक्रारी रास्त आहेत. तरी कारखाना बदलला म्हणून कामगाराचा विमा नव्याने सुरू होत नव्हता.

मॉरिसव्हिलला मात्र अमेरिकेचा तो युद्धकाळातला वारसाच थेट पोचला. शेजारचा रॅली-डरहॅम विमानतळ युद्धकाळातच, मे 1943 मध्ये खुला झाला. 1959 मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क उभा राहिला, 1965 मध्ये आयबीएम आली आणि पुढे पुण्या-मुंबईचे इंजिनियर. त्यांच्या ऑफर लेटरमधला विमा अजून त्या गोठवलेल्या पगारांच्या काळातलाच आहे.

एच-1बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. कोब्रा कायद्याने जुना विमा 18 महिन्यांपर्यंत ठेवता येतो, पण कंपनीचाही वाटा आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. पगार थांबलेला असताना दरमहा दोन हजार डॉलर! म्हणून इथे दोघे कमावते असतील, तर मुलांचा विमा कोणाच्या कंपनीतून घ्यायचा हे ठरवताना, कोणाची नोकरी जास्त टिकेल याचाच हिशेब आधी होतो.