बिल्ला नंबर २५५

कॉटन ग्रीनला गोदी जवळ, पण गोदीवरचं प्रेम बघायला मला फ्रेंच सिनेमाच लागला. मार्सेल कार्नेचा १९३८ सालचा 'ल के दे ब्र्यूम'. शब्दशः 'धुक्याचा धक्का' (हो, आपल्या भाऊच्या धक्क्यातला धक्का!). ल आव्र बंदरात फौजेतून पळालेला जाँ येतो, नेलीच्या प्रेमात पडतो, तिला छळणाऱ्या पालकाला ठार मारतो आणि शेवटी स्वतः गोळी खाऊन मरतो. ग्रेट सिनेमा, वादच नाही.

पण मंडळी, पुढच्याच वर्षी, १९३९ला, पुण्याच्या प्रभातने काय केलं बघा. व्ही. शांताराम यांचा 'माणूस'. गणपत हा साधा पोलीस (शाहू मोडक), बिल्ला नंबर २५५. (एका बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा! पण हे आमच्या जमातीलाच सुचणार, असो.) कोठ्यावरच्या धाडीतून तो मैनाला (शांता हुबळीकर) वाचवतो. दोघं प्रेमात पडतात. मग तो तिला 'सुधारायला' निघतो.

इथवर नेहमीचीच गोष्ट. पण इथेही एक दुष्ट पालक आहे, मैनाचा मामा. फ्रेंच सिनेमात पालकाला हिरो मारतो. इथे मामाला मैना स्वतः मारते. तुरुंगात गेल्यावर गणपत तिला सोडवायला येतो, तर ती चक्क नाही म्हणते.

मला हा नकार फार मोठा वाटतो. गणपत मनाने चांगलाच आहे, पण त्याच्या प्रेमाने मैनाचा भूतकाळ पुसला जात नाही. लोक विसरत नाहीत आणि तीही विसरत नाही. उद्धार कुणी बाहेरून येऊन करत नसतो, हे १९३९च्या मराठी सिनेमाने इतकं सरळ सांगितलं. तिचा गुन्हा तिचा, शिक्षाही तिचीच.

आणि गणपत? 'माणूस' हे १९३५च्या 'देवदास'ला शांतारामांनी दिलेलं उत्तर होतं. प्रेमभंग झाला की पिऊन मरायचं, ही फॅशन त्यांना मान्य नव्हती. त्यामुळे गणपत कोसळतो, पण मरत नाही. जाँसारखा नाही, देवदाससारखाही नाही. तो जगायचं ठरवतो.

पडद्यावर मरणं दिसतं छान. पण सोमवारी सकाळी पुन्हा ड्यूटीवर जाणं जास्त अवघड आहे राव. ब्रेकअपनंतर ऑफिस गाठलेल्या कुणालाही विचारा.

'माणूस' बघितला नसेल तर जरूर बघा. आधी कार्ने, मग शांताराम, या क्रमाने.