केगल यांचा काटा

१९४८ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात लॉस एंजेलिसचे डॉ. आर्नॉल्ड केगल यांचा लेख छापून आला. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी गळते, ही तक्रार बायका बहुधा मुकाट सोसत. नाही तर प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाई. केगल यांनी वेगळीच वाट सुचवली. प्रसूतीत ताणले गेलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दंड-मांड्यांच्या स्नायूंसारखेच मेहनतीने पुन्हा कमावता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही कल्पना काही त्यांच्यापासून सुरू झाली नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांच्या सांगण्यावरून मिनी रँडेल यांनी १९१२ मध्येच बाळंतिणींसाठी खाटेवर पडल्या पडल्या करायचे व्यायाम बसवले होते. पुढे त्यांच्यासोबत काम केलेल्या नर्तकी मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात पोटाच्या व्यायामांबरोबर ओटीपोटाचा तळ आवळण्या-सोडण्यालाही जागा दिली.

जुनी रीत बाहेरून आधार देण्याची होती. चरकसंहितेत बाळंतिणीला तूप-तेल लावून तिचं पोट कापडाने घट्ट गुंडाळायला सांगितलं आहे. मराठी घरांतही शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांच्या जोडीला पोट बांधणं आलंच. त्या बांधण्याने आधार वाटतो, पण स्नायूला काम मिळत नाही.

केगल यांच्यापुढची अडचण साधी होती: हा स्नायू दिसत नाही. ‘आवळा’ म्हटलं की कित्येक जणी पोट आत ओढत, नितंब ताणत, तर काही जणी उलट खालीच जोर देत. म्हणून त्यांनी पेरिनिओमीटर हे उपकरण बनवलं. योनीत ठेवायची रबरी पोकळ नळी, तिला जोडलेला दाबमापक. बरोबर आवळलं की काटा वर चढे. वीस-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा हा सराव करायचा आणि काटा किती चढला त्यावर प्रगती जोखायची.

पुढे व्यायाम जगभर गेला, केगल यांचं नावही गेलं. काटा मात्र मागे पडला. दवाखान्यातल्या दोन वाक्यांत किंवा छापील पत्रकात ‘केगल’ उरकू लागलं. त्याचं काय होतं, हे १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन तपासलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींचं आवळणं चांगलं निघालं. १२ जणींची पद्धत तर लघवी गळणं वाढवू शकेल अशी होती.

केगल यांचे आकडे आशादायक असले, तरी व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी तुलना केली नव्हती. नॉर्वेच्या कारी बो आणि सहकाऱ्यांनी ती केली. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत १०७ स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनंतर विजेच्या उत्तेजनापेक्षा आणि योनीत धरायच्या वजनांपेक्षा देखरेखीखालचा व्यायामच सरस ठरला.

इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आता लघवी गळण्यावर निदान तीन महिने देखरेखीखाली हाच व्यायाम आधी करून पाहायला सांगतात: दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ वेळा आवळणं. मात्र सराव सुरू करण्याआधी स्त्री योग्य स्नायू आवळते आहे की नाही, हे बोटाने तपासून घ्यावं लागतं.