रंगीत केकचा इतिहास आणि मीरा-भाईंदर : लोणी, अंडे व खाद्यरंग यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मीरा-भाईंदर शहराचा इतिहास बहुधा मिठागरे, जंजिरे धारावी आणि घोडबंदरचा किल्ला या तीन आधारांवर लिहिला जातो. तलवार, मीठ आणि जकात यांचा हा इतिहास महत्त्वाचा आहेच. परंतु स्वयंपाकघराला त्यात स्थान मिळालेले नाही. वस्तुतः ज्या वस्तूंतून एखाद्या समाजाचे सण, स्थलांतर, व्यापार आणि कायदा यांचे एकत्रित दर्शन घडते, अशा वस्तू स्वयंपाकघरातच सापडतात. केकवरील रंगीत बटरक्रीम ही अशीच एक वस्तू होय. अंड्याचा पांढरा भाग व साखर फेटून केलेल्या मेरिंगमध्ये लोणी मिसळून हे क्रीम तयार होते. त्याला हवा तो रंग देणे हे आज शहरातील अनेक गृहोद्योजक स्त्रियांच्या उपजीविकेशी निगडित कौशल्य आहे. प्रस्तुत निबंधात या कौशल्यामागील ऐतिहासिक प्रवाहांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. केकवर रंग चढविण्याचा इतिहास हा मुळात त्याखालील स्निग्ध पदार्थाच्या रंगाचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. किनारपट्टीवरील पूर्वपरंपरा

इ. स. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. उत्तन, डोंगरी, गोराई हा पट्टा पुढे सुमारे दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी धारावी बेट व वसई जिंकली. राज्य गेले, तरी धर्म आणि आहार यांचे संस्कार टिकून राहिले. ‘पाव’ हा मराठीत रुळलेला शब्द त्या संपर्काचीच खूण आहे. या पट्ट्यातील मराठी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती कोळी, कुणबी इत्यादी समाजांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले.

ईस्ट इंडियन समाजाच्या सणांच्या गोड पदार्थांत मार्झपानला मानाचे स्थान आहे. बदाम किंवा काजू वाटून त्यात साखर, अंड्याचा पांढरा भाग व गुलाबपाणी घालतात. गोळा आटवून त्यात रंग मिसळतात आणि साच्यात घालून फुले, फळे किंवा ईस्टरची अंडी घडवितात. काजू मूळचा ब्राझीलचा. तो पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आणला. बदामाऐवजी काजू वापरणे हे या पदार्थाचे स्थानिक रूपांतर होय. अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि रंग या तिन्हींचा एकत्र वापर या किनाऱ्याला बटरक्रीमच्या आधीपासूनच परिचित होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२. शुभ्रतेची प्रतिष्ठा

युरोपात फ्रान्स्वा मासिआलो याच्या १६९२ च्या मिठाईविषयक ग्रंथात मेरिंगचा उल्लेख आढळतो. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफल्ड हिने १७६९ मध्ये विवाहाच्या केकसाठी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचे शुभ्र आवरण सांगितले. शुभ्र साखर महाग असल्याने पांढरा केक हे ऐश्वर्याचे चिन्ह ठरले. इंग्रजी अमदानीत हीच कल्पना मुंबईत आली आणि चर्चमधील विवाहांच्या निमित्ताने ख्रिस्ती कुटुंबांत रुजली. अंड्याचा पांढरा भाग व पिठीसाखर यांचे कडक ‘रॉयल आयसिंग’ उष्ण हवामानात वितळत नसे, हेही त्याच्या प्रसाराचे एक कारण मानता येईल. एकाच विवाहात उंबराच्या पाण्याचा देशी विधी आणि पांढरा केक नांदू शकले, ही या समाजाच्या संस्कृतीची विशेषता आहे.

३. लोण्याचा रंग : पांढरा की पिवळा?

गायीच्या दुधातील कॅरोटीनमुळे तिचे लोणी पिवळसर होते. म्हैस कॅरोटीनचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करीत असल्याने म्हशीचे लोणी पांढरे असते. महाराष्ट्रातील घरगुती लोणी बहुधा पांढरेच. युरोपीय ग्राहकाची कल्पना मात्र पिवळ्या व खारट लोण्याची होती. मुंबईच्या बाजारात पोलसन लोण्याने ही रुची घडविली. १९४६ साली नोंदल्या गेलेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध संघाच्या ‘अमूल’ लोण्यालाही मीठ व पिवळा रंग यांसह तीच वाट धरावी लागली. हा रंग शेंदरीच्या बियांपासून मिळतो. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती आपल्याकडे परसात वाढलेली दिसते.

परिणामी, भारतीय केककलाकार जेव्हा टेबल बटर हाती घेतो, तेव्हा ते आधीच रंगविलेले असते. त्यात निळा रंग घातला की हिरवट छटा येते. गुलाबी रंग नारिंगीकडे झुकतो. त्यामुळे पहिला प्रश्न रंग देण्याचा नसून आधीचा पिवळेपणा घालविण्याचा असतो. लोणी दीर्घकाळ फेटल्यास त्यात हवा भरून ते फिकट होते. जांभळ्या रंगाचा कणभर अंश पिवळेपणाला मारक ठरतो. कपड्यांना नीळ देणाऱ्या पिढीला हे तत्त्व नवीन नाही. शुभ्रतेसाठी वापरला जाणारा टायटॅनियम डायऑक्साइड मात्र युरोपीय संघाने २०२२ पासून अन्नात निषिद्ध केला आहे.

४. वनस्पती तूप आणि रंगाचे राजकारण

१९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले. ते स्वस्त, पांढरे, टिकाऊ आणि शाकाहारी होते. पुढे वनस्पती तूप व मार्गारीन यांनी बेकरीतील क्रीममध्ये लोण्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. याच वनस्पती तुपाभोवती रंगाचा एक उल्लेखनीय वाद झाला. शुद्ध तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून त्याला सक्तीने रंग द्यावा, अशी मागणी स्वातंत्र्याच्या आगेमागे जोराने होत होती. निरुपद्रवी, टिकाऊ आणि काढून टाकता न येणारा रंग मात्र मिळाला नाही. अखेर किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याची अट घालण्यात आली. त्यामुळे बॉडुइन चाचणीने भेसळ उघड होऊ शकली. स्निग्ध पदार्थाला पक्का रंग देणे ही शासनासाठीही अवघड समस्या होती, हे यावरून स्पष्ट होते.

५. रंग न चढण्याचे कारण

मेरिंग बटरक्रीममध्ये साधारणपणे एक भाग अंड्याचा पांढरा भाग, दोन भाग साखर व तीन भाग लोणी असते. स्विस पद्धतीत अंडे व साखर सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून फेटतात. इटालियन पद्धतीत ११५ ते १२० अंशांचा पाक फेटल्या जाणाऱ्या अंड्यात धार धरून ओततात. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. प्रचलित कृत्रिम खाद्यरंग पाण्यात विरघळणारे असल्याने ते या मिश्रणातील थोड्याशा पाण्यातच राहतात आणि क्रीम फिकट दिसते. पातळ रंग अधिक ओतल्यास मिश्रण फाटते.

यावरील उपाय अनुभवातून सिद्ध झाले आहेत. क्रीमचा थोडा भाग कोमट करून वितळवावा, त्यात घट्ट जेल रंग घोटावा आणि तो उर्वरित क्रीममध्ये मिसळावा. त्यामुळे रंगाचे थेंब सूक्ष्म होऊन सर्वत्र पसरतात. नंतर काही तास ठेवल्यास छटा गडद होत जाते. म्हणून रंग आदल्या दिवशीच करावा. काळ्या किंवा तपकिरी रंगासाठी कोको वा चॉकलेटचा पाया घ्यावा. हळदीतील कर्क्युमिन आणि शेंदरीतील बिक्सिन ही द्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात. म्हणजे फोडणीच्या तेलात हळद घालणाऱ्या स्वयंपाकघराला जे ठाऊक होते, तेच येथेही उपयोगी पडते. उलट बीट व गोकर्णाची फुले यांचे रंग पाण्यात उतरणारे आहेत. त्यातही गोकर्णाचा निळा रंग आम्लाच्या संपर्काने जांभळा होतो.

हवामान हा आणखी एक अडसर. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. खाडी व समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या शहरात उन्हाळ्यातील दुपारचे तापमान त्याच्या जवळपास पोहोचते आणि मेरिंग हवेतील ओलावा शोषून घेते. ज्या ऊन-वाऱ्याने येथे मीठ पिकविले, त्याच हवेत बटरक्रीम टिकविणे कठीण जाते.

६. कायदा, शहर आणि गृहोद्योग

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधल्यानंतर डांबरापासून केलेले रंग अन्नातही शिरले. भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने त्यांवर नियंत्रण आणले. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने आणि २०११ च्या विनियमांनी ती व्यवस्था पुढे नेली. त्यांनुसार केकसारख्या पदार्थांत टार्ट्राझीन, कार्मोइझीन, ब्रिलियंट ब्ल्यू इत्यादी आठच कृत्रिम रंगांना परवानगी देण्यात आली आणि बहुतेक अन्नांसाठी दशलक्ष भागांत १०० भाग ही मर्यादा ठरली. म्हणजे १ किलो पदार्थात शुद्ध रंगद्रव्य अवघे ०.१ ग्रॅम. गडद लाल गुलाबासाठी हात सैल सुटला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रोडामिन बी व मेटॅनिल यलो हे तर अन्नात सर्वस्वी निषिद्ध आहेत. रंगीत केक मुख्यतः मुलांच्या वाढदिवसाला कापला जातो, हे ध्यानात घेता हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती. गुजराती, मारवाडी, जैन, मुस्लिम, उत्तर भारतीय व दाक्षिणात्य कुटुंबे आल्याने केक हा ख्रिस्ती सणापुरता न राहता सर्वांच्या वाढदिवसाचा पदार्थ झाला. येथे अंड्याचा प्रश्न पुढे आला. शाकाहारी ग्राहकांमुळे वनस्पती स्निग्धांशाचे बिनअंड्याचे फेटलेले क्रीम प्रबळ ठरले. ते पांढरेशुभ्र असल्याने रंगही सहज घेते. २०१४-१५ मध्ये काबुली चण्याच्या शिजवणीचे पाणी अंड्यासारखे फेटता येते, हे युरोप-अमेरिकेत प्रकाशात आले. त्यामुळे बिनअंड्याच्या मेरिंगचीही वाट मोकळी झाली.

या व्यवसायात घरून काम करणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. २०११ च्या विनियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्न-व्यावसायिकांसाठी केवळ नोंदणीची सोय केली. नोंदणी सुलभ झाली, तरी रंगाच्या मात्रेचे शिक्षण तिच्याबरोबर आपोआप येत नाही. ग्राहक चित्रातील गडद रंग मागतो, कायदा मात्रा मर्यादित ठेवतो, आणि या दोहोंमधील जबाबदारी ओट्याशी उभ्या असलेल्या एकट्या स्त्रीवर पडते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, रंगीत बटरक्रीम ही या शहरात अचानक आलेली परदेशी फॅशन नव्हे. किनाऱ्यावरील मार्झपान, साहेबी विवाहाचा शुभ्र केक, शेंदरीने पिवळे झालेले लोणी, पांढरे वनस्पती तूप आणि खाद्यरंगांचा कायदा असे अनेक थर त्याखाली आहेत. उत्तन-डोंगरीच्या वृद्ध स्त्रियांकडील मार्झपानचे साचे व पाककृती यांची नोंद स्थानिक महाविद्यालयांनी वेळीच करणे आवश्यक आहे. कारण किल्ल्याचे दगड पडके का होईना उरतात, स्वयंपाकघरातील ज्ञान मात्र माणसाबरोबरच जाते. त्याचबरोबर अन्नविज्ञान विभागांनी गृहोद्योजकांना रंगाच्या मोजमापाचे साधे प्रशिक्षण दिल्यास त्यांची उपजीविका आणि मुलांचे आरोग्य या दोहोंचे रक्षण होईल.