फ्लॉपीतील विषाणू आणि पुण्यातील दुरुस्तीचे दुकान : ‘क्विक हील’ची पहिली पंधरा वर्षे

१/ भारतीय सायबर सुरक्षा उद्योगाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातील कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जातो. कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी १९९५ मध्ये ‘क्विक हील’ ही विषाणूरोधक प्रणाली बाजारात आणली. हाताशी भांडवल नसताना ही कंपनी तगली कशी, हे या धाग्यात पाहू.

२/ आधी पार्श्वभूमी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात दडून बसे. विशेष म्हणजे त्यात कर्त्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होते!

३/ १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा विषाणू आढळला. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. हा जोशी कोण, हे कधीच उलगडले नाही. गंमत सोडली तर त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच, निव्वळ फ्लॉपींच्या देवघेवीतून, विषाणू आपल्या कार्यालयांत शिरले होते.

४/ मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. १९९०च्या दशकारंभी बँका आणि कार्यालयांत संगणक दिसू लागले, तसे ते संगणकदुरुस्तीकडे वळले. धाकट्या भावाने मात्र संगणकशास्त्रच शिकावे, असा त्यांचा आग्रह होता.

५/ संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या अनेक संगणकांचे यंत्रभाग ठणठणीत असत. बिघाड असे तो विषाणूंमुळे. संजय एकेका विषाणूवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. म्हणजे संशोधनासाठी लागणारे विषाणूंचे नमुने ग्राहक स्वतःच दुकानात आणून देत होते. परदेशी कंपन्यांना दूर वाटणारी ही बाजारपेठ काटकरांच्या टेबलावरच उभी होती.

६/ हे सुटे उतारे एकत्र बांधून डॉससाठी ‘क्विक हील’ तयार झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही खासगी मर्यादित कंपनी नोंदली गेली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’ आणले! ज्या डॉसवर उत्पादन उभे होते, त्याचे दिवस आता भरत आले होते. त्याच वर्षी वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा ‘कॉन्सेप्ट’ हा विषाणूही अवतरला. कंपनीचे बारसे होत असतानाच उत्पादन नव्याने लिहिण्याची वेळ आली.

७/ या व्यवसायाची खरी अडचण येथेच आहे. हिशेबाची प्रणाली एकदा लिहिली की काही वर्षे चालते. विषाणूरोधक प्रणाली मात्र कधीच पूर्ण होत नाही. नवा विषाणू आला की त्याची ओळखखूण शोधायची आणि ती प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचवायची. विक्री झाल्यावरही खर्च थांबत नाही, म्हणूनच वार्षिक नूतनीकरणाचे शुल्क हा अशा कंपनीचा प्राण ठरतो.

८/ मग सुरुवातीचा पैसा कोठून आला? दुरुस्तीतून. थोरला भाऊ सेवा आणि विक्री सांभाळी, धाकटा उत्पादन. दुरुस्तीचे उत्पन्न प्रोग्रॅमच्या विकासाला पोसत होते. वाढ मंदावली खरी, पण कंपनीची सूत्रे भावांच्याच हाती राहिली.

९/ विक्री सोपी नव्हती. बाजारात नॉर्टन आणि मॅकॅफी यांसारखी बलाढ्य नावे होती. शिवाय चोरीच्या प्रती सर्रास फुकट मिळत. त्यातही सुरक्षेचे उत्पादन नीट चालले की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचे पैसे कोण देणार? अशा वेळी छापील जाहिरातीपेक्षा ओळखीच्या संगणक-विक्रेत्याचा शब्द अधिक चाले. दुरुस्तीच्या व्यवसायातून आलेल्या काटकरांना हा वर्ग आतून ठाऊक होता, आणि त्याच्याच जाळ्यातून उत्पादन गावोगाव पोहोचले.

१०/ २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ उर्फ ‘चेर्नोबिल’ विषाणूने आशियात हाहाकार माजवला. तो हार्ड डिस्कवरील माहिती पुसून टाकी; काही संगणकांत तर मदरबोर्डवरील बायोसच निकामी करी. पुढच्याच वर्षी, मे २००० मध्ये, ‘आय लव्ह यू’ ईमेलमधून जगभर पसरला. विषाणूला आता फ्लॉपीची गरज उरली नव्हती. विषाणूरोधक प्रणाली ही चैन नाही, हे ग्राहकाला पटवण्याचे काम अशा आपत्तींनीच केले.

११/ २००७ मध्ये कंपनीचे नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले. दुरुस्ती-सेवेची आठवण देणारे जुने नाव मागे पडले आणि उत्पादनाचेच नाव कंपनीने धारण केले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने सुमारे ६० कोटी रुपये गुंतवले. नोंदणीपासून तोवर पंधरा वर्षे उलटली होती.

१२/ फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. समभाग ३२१ रुपयांना विकला गेला. पहिल्याच दिवशी तो त्याहून बराच खाली बंद झाला. हाही इतिहासाचाच भाग आहे. दुकानदार आणि ग्राहक यांनी दिलेला विश्वास गुंतवणूकदार त्याच भावाने देतीलच, असे नाही.

१३/ ही कथा ‘दहावी उत्तीर्ण तरुणाची भरारी’ एवढ्यावर संपवली जाते, तेव्हा त्यातला निम्मा इतिहास गळतो. एका भावाचे बाजाराचे भान, दुसऱ्याचे औपचारिक संगणकशिक्षण आणि गावोगावचे अनाम विक्रेते, यांपैकी एकही दुवा वगळला तर हिशेब लागत नाही.

१४/ या काळाची साधने वेगाने नष्ट होत आहेत. फ्लॉपीवरील चुंबकीय थर कायम टिकत नाही; जुन्या दुकानांच्या पावत्या आणि माहितीपत्रके रद्दीत जातात. तुमच्या घरी, ओळखीच्या संगणक-विक्रेत्याकडे किंवा शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकातील असे काही असेल, तर त्याची छायाचित्रे काढा, तारीख-स्थळ नोंदवा आणि त्या माणसांना बोलते करा. किल्ल्यांवरील शिलालेख वाचणाऱ्या आपल्या पिढीने ही नजीकची साधनेही जपायला हवीत.